वजा केलेला काळोख

मराठीत 'छायाचित्र' हा शब्द रुळला. 'प्रकाशचित्र' हाही शब्द होता आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने तोच अधिक बिनचूक. फोटोग्राफी या शब्दाच्या मूळ ग्रीक घटकांचा अर्थ प्रकाशाने केलेले लेखन असाच होतो. तरीही लोकांनी छाया पत्करली. १८३९ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने आपल्या शोधाविषयी जो निबंध सादर केला, त्यातही सावली पकडून ठेवण्याचीच भाषा आहे. पारिभाषिक शब्दांवर बोलताना हे उदाहरण वर्गात हमखास येते आणि योगायोग म्हणून सोडूनही दिले जाते. मला मात्र तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्याचे कारण तांत्रिक आहे. भौतिकशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी गेली काही वर्षे मोरा बंदरावरून रात्रीची छायाचित्रे काढत आहेत. कॅमेरा मिडियम फॉरमॅट डिजिटल, भाड्याने आणलेला. विकत घ्यायचा म्हटले तर काही लाखांचे काम. त्यातला सेन्सर साधारण ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतात त्या ३६ बाय २४ च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने दीडपटीहून मोठा. काळ्याच्या आतले काळे वेगवेगळे ठेवण्यात त्याची खरी ताकद आहे. तिपाईवर कॅमेरा ठेवायचा, शटर चार मिनिटे उघडे ठेवायचे. ते मिटले की चित्र लगेच दिसत नाही. कॅमेरा आणखी चार मिनिटे, पडदा बंद ठेवून, नुसत्या अंधाराचे चित्र घेतो. इतका वेळ काम करणाऱ्या सेन्सरवर प्रकाश नसतानाही काही ठिपके आपोआप उजळतात. दुसऱ्या चित्रात फक्त तेच ठिपके असतात. ते पहिल्या चित्रातून वजा केले जातात. ही सोय बंद करता येते, पण आमचे सहकारी ती करत नाहीत. चार मिनिटांच्या उजेडासाठी चार मिनिटांचा काळोख मोजावा लागतो. छाया हा शब्द इथे शब्दशः खरा ठरतो.

ही वजाबाकी चालू असताना धक्क्यावर करण्यासारखे काही नसते. समोर साधारण उत्तरेला घारापुरीचे बेट, त्यावर जेमतेम १९ अंश उंचीवर ध्रुवतारा. हवा धुरकट असली तर तोही नाही. डावीकडे मुंबईचे दिवे. उजवीकडे १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर, त्याच्या उंच क्रेन आणि रात्रीचा दिवस करणारा झोत. बेटापलीकडून २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू जातो. नौदलाचे शस्त्रागार उरणच्याच परिसरात असल्यामुळे त्या दिशेला कॅमेरा वळवायचा नाही, हे सहकाऱ्यांनी स्वतःला घालून घेतलेले पथ्य. घारापुरीवर समुद्राखालच्या केबलमधून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी तिथे संध्याकाळचे काही तास जनित्र चाले आणि मग सारे बेट विझे. बेटावरच्या तीन वस्त्यांपैकी एकीचे नाव मोराबंदर आहे, हे अलीकडच्या मोऱ्यात उभे राहून आठवले की उगाच बरे वाटते.

अशी चित्रे प्रदर्शनात मांडली की पाहणारे 'किती शांत' असे म्हणतात. समुद्र धुक्यासारखा, आकाश रेशमी, माणूस कुठेच नाही. पण ती शांतता बंदरावर नसते. शेवटच्या लाँचने भाऊच्या धक्क्याहून आलेली माणसे पिशव्या सावरत रिक्षाकडे धावत असतात, कोणी जाळे ओढत असतो, कोणी मोबाइलवर भांडत असतो. कॅमेऱ्यासमोर हे सारे घडते आणि त्यातले काहीही उरत नाही. दीर्घ एक्स्पोजरचा नियम साधा आणि निर्दय आहे: उमटायचे असेल तर एक तर जागेवरून हलू नका, नाही तर स्वतः प्रकाशमान व्हा. लाँच जाते तेव्हा तिच्या दिव्याची रेघ उमटते. लाँच नाही, आणि लाँचमधली माणसे तर नाहीतच. बंदराच्या क्रेन हलल्या तरी त्यांचे दिवे उरतात. कोळ्याची होडी दोरीला बांधलेली असते, पण पाण्यावर डुलते आणि तिच्यावर दिवा नसतो. तिच्या जागी करडा धूर.

हे छायाचित्रणाच्या जन्मापासून आहे. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता वाहता होता, पण काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये गाड्याघोडे नाहीसे झाले. कोपऱ्यात एक माणूस उरला, कारण तो बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी पाय स्थिर ठेवून उभा होता. छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस म्हणून त्याचा उल्लेख होतो. ब्रश चालवणारा मात्र धूसर आहे. सेवा घेणारा ठळक आणि हात चालवणारा पुसट, ही विभागणी कोणी हेतूने केलेली नाही. यंत्राने ती आपल्या स्वभावानुसार केली. कादंबरी म्हणजे दीर्घ काळ आणि कथा म्हणजे क्षण, असे समीकरण आपण विद्यार्थ्यांना देतो तेव्हा दीर्घ काळ अधिक उदार असतो असे गृहीत धरतो. या चित्रांपुढे ते गृहीतक टिकत नाही. मोऱ्याच्या परिसरात तर नाहीच. बंदरासाठी शेवा गाव उठले, तिथले कोळी उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवले गेले. चाळीस वर्षांचे एक्स्पोजर दिले तर त्या चौकटीत काय ठळक येईल आणि कशाचा धूर होईल, हे सांगायला कॅमेरा लागत नाही.

हे विचार सुचायला निमित्त झाला तो मोऱ्याच्या कोळीवाड्यातला एक माजी विद्यार्थी. सहकाऱ्यांनी त्याला मोठे करून छापलेले चित्र दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सर, आमची होडी कुठाय?" वडिलांची होडी चारही मिनिटे चौकटीच्या मधोमध होती. सहकाऱ्यांनी त्या करड्या डागावर बोट ठेवले. तो हसला, पण त्याला ते पटले नाही हे दिसत होते.

सहकारी माणूस जिद्दीचा. अनेक छोटे एक्स्पोजर घेऊन एकत्र जुळवता आले असते, पण त्याला ते हिशेबात लबाडी केल्यासारखे वाटते. (मला तसे वाटत नाही, यावर आमचे एकमत होणार नाही.) त्याने भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिले आणि पूर्ण ओहोटीची रात्र निवडली. मोऱ्याला गाळ इतका साठतो की ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही, फेऱ्या थांबतात, माणसे पाणी चढायची वाट पाहतात. होड्या चिखलावर बसतात. त्या रात्रीच्या चित्रात सगळ्या होड्या आल्या: दोरांचे पीळ, रंगाचे पोपडे, काठाला अडकलेले जाळे, नोंदणीचे आकडे सुद्धा वाचता येतील इतके स्वच्छ. मिडियम फॉरमॅट कशासाठी ते तेव्हा कळले. चित्र म्हणून ते पहिल्यापेक्षा निःसंशय सरस आहे.

दोन्ही चित्रे समोर ठेवून विद्यार्थ्याला हवे ते घरी न्यायला सांगितले. त्याने दुसऱ्यातली वडिलांची होडी लगेच ओळखली, तिच्यावरचा नवा ठोकलेला फळीचा तुकडाही दाखवला. आणि गुंडाळी केली ती पहिल्या चित्राची, धुराच्या डागाची. सहकारी थोडे खट्टू झाले. त्यांनी कारण विचारले.

"दुसऱ्यात सुकती आहे, सर," तो म्हणाला.