आघाताची जागा

इंग्रजी भाषेतील सामासिक विशेषणे ही मोठी फिरती मंडळी आहेत. ‘वेल-नोन’ म्हणजे सुप्रसिद्ध. ‘द रायटर इज वेल-नोन’ असे म्हणताना इंग्रज मनुष्य ‘नोन’वर जोर देतो, पण ‘अ वेल-नोन रायटर’ म्हणू लागताच तो जोर मागे सरकून ‘वेल’वर जाऊन बसतो. पुढे ‘रायटर’ हा शब्द आपल्या पहिल्याच अक्षरावर आघात घेऊन उभा असतो, आणि दोन ठळक आघात इतके जवळ आलेले त्या भाषेच्या लयीला मानवत नाहीत. ‘होम-मेड’, ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘गुड-लुकिंग’ यांचीही हीच रीत. ‘हार्ट-ब्रेकिंग’चा जोर मात्र ‘हार्ट’वरून हलत नाही, हृदयच ते, कोठे जाणार!

मराठी मनुष्याची पंचाईत होते ती येथे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. म्हणून तो प्रत्येक अक्षराला सारखाच मान देतो. शिवाय तो अक्षरे मोजतो ती डोळ्यांनी. ‘लेफ्ट-हँडेड’ लिहावयास कितीही लांब असो, उच्चारात ती तीनच अक्षरे: लेफ्ट, हॅन्, डेड. ‘ओल्ड-फॅशन्ड’चीही तीनच. अखेरचा ‘एड’ हा ‘ट’ किंवा ‘ड’ या ध्वनीनंतर आला, तरच त्याला बहुधा स्वतंत्र अक्षराचे स्थान मिळते. (विद्वान या अर्थाचा ‘लर्नेड’ आपल्या विद्वत्तेच्या बळावर ही अट मोडतो.)

छापील पानावर आघात दिसत नाही. डॅनियल जोन्स यांच्या १९१७ सालच्या उच्चारकोशात आघाताच्या अक्षराआधी बारीक खूण आढळते. पण कोश उघडतो कोण? मग शब्द सारे शुद्ध असूनही परका श्रोता बुचकळ्यात पडतो. ‘ग्रीन’वर जोर दिला, तर ‘ग्रीनहाउस’ म्हणजे रोपे वाढविण्याचे काचघर. ‘हाउस’वर दिला, तर नुसते हिरवे घर.

वैदिक संस्कृतात आघाताऐवजी स्वरांचा चढउतार होता, आणि समासाचा अर्थ त्यावर अवलंबून असे. इंद्राचा सूड घेण्यासाठी त्वष्ट्याने यज्ञ केला. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा उदात्त स्वर अंत्य अक्षरावर हवा होता. तो आद्य अक्षरावर पडला. ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘ज्याला मारणारा इंद्र आहे तो’ असा अर्थ झाला. यज्ञातून वृत्र निपजला खरा, पण तो इंद्राच्याच हातून मारला गेला. व्याकरण कशासाठी शिकावे, हे सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी याच शब्दाचा दाखला दिला आहे.