पाण्याचा उतार

अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात कापसाला भाव आला आणि रेल्वेमागोमाग वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्यांतल्याच एका बंद पडलेल्या शेडमध्ये भाजी मंडई करायची ठरली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा वर होत्या: सागवानी कैच्या, मंगलोरी कौलं, गरम हवा निघून जायला छपराच्या माथ्यावर ठेवलेली फट. त्या फटीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तिच्यापुढे पंखे काय करणार?

मला घोर होता तो खालचा. कापूस हा कोरडा धंदा, भाजी हा ओला. मेथीच्या जुड्यांवर दिवसभर पाणी मारावं लागतं.

आधीच्या एका कामात मी इथंच चुकले होते. धुवायला सोपं म्हणून कमरेएवढ्या सिमेंटच्या गिलाव्याला मी होकार दिला. ओलीची बाहेर पडायची वाट बुजली. ती आतून वर चढली आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा फुटला. नखानं टोकरलं, तर विटेचा लाल भुगा हातात आला. ती वीट माझ्या सहीपर्यंत धड होती.

या वेळी जुनं सिमेंट छिन्नीनं हळूहळू उतरवलं. चुना भिजवून मुरत ठेवला. त्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. त्या सावकाशपणासाठी मला प्रत्येक बैठकीत भांडावं लागलं. ओटे भिंतीपासून हातभर सुटे घेतले, फरशीचा उतार मधल्या नालीकडे.

ओट्याची उंची ठरवायला मी पुण्याच्या १८८६ सालच्या मंडईत टेप घेऊन फिरले होते. पण रस्त्यावर बसणाऱ्या एका भाजीवाल्या मावशींना आमच्या नमुन्याच्या ओट्यावर बसवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, गिऱ्हाईक उभं, मी बसलेली. काटा दोघींच्या डोळ्यासमोर पायजे." विटांचे दोन थर कमी केले.

पहिला बाजार उठल्यावर मी भिंतीला तळहात लावून पाहिला. कोरडी होती. कोथिंबिरीच्या ओट्याखाली मात्र पाणी थबकलं होतं. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं तिथल्या चार फरश्या उचलल्या.