मुरुडची तोफ आणि वाडीतला कोळसा

अलिबागहून रेवदंडा, काशीद मागे टाकीत एस.टी. मुरुडकडे निघाली की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला फणसाडचे रान लागते. हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे. 1986 साली त्याचे अभयारण्य झाले. मुरुडात शिरताच माड-पोफळीच्या वाड्या सुरू होतात. पुढे राजपुरीला उतरून होडीत बसावे, म्हणजे जंजिरा किल्ला गाठता येतो.

किल्ल्यावरील कलाल बांगडी तोफेपाशी जो तो तिची लांबी-रुंदी विचारतो. आम्हा शेतीखात्यातल्या माणसांच्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो: हिच्या पोटात जाणारी दारू कशाची? सोरा, गंधक आणि कोळसा, या तीन जिनसांची. पूर्वी सोऱ्याचा मोठा व्यापार बिहारकडून चाले, गंधकही विकत घ्यावे लागे. कोळसा तेवढा आपल्या मुलखातला.

आता कोळसा म्हटला की सगळा सारखा, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. लोहाराच्या भात्यापुढे खैर, बाभूळ, धावडा असल्या जड लाकडाचा कोळसा लागतो. तो पेटायला उशीर लावतो, पण धग टिकवून धरतो. दारूवाल्यांची निवड नेमकी उलटी. हलक्या लाकडाच्या कोळशात बारीक छिद्रे फार, म्हणून तो चटकन पेट घेतो. जुन्या काळी आपल्या देशात तुराट्यांचा आणि रुईचा कोळसा दारूसाठी वापरीत. आपण ज्या तुराट्या चुलीत सारतो, त्यांच्यावर एके काळी तोफा चालत!

दिवाळी जवळ आली की गावोगावची तरुण मुले हमखास विचारतात, "साहेब, भुईनळ्याला कोळसा कोणता बरा?" मी त्यांना सरळ सांगतो, बाबांनो, घरी दारू कालवायचीच नाही. नुसता कोळसा गरीब असतो, सोऱ्याशी गाठ पडली की तो गरीब राहत नाही. एखादी ठिणगी किंवा जरासे घासणे पुरते. साधी आग गोणपाट टाकून दडपता येते, कारण तिला बाहेरची हवा लागते. दारूला सोऱ्यातूनच प्राणवायू मिळतो, त्यामुळे तिच्यावर गोणपाटाचा इलाज चालत नाही. तोवर हाताची बोटे किंवा डोळा गेलेला असतो. परवान्याशिवाय फटाके बनविणे हा कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळेच.

मुरुडकरांच्या हाताशी खरा कोळसा आहे तो करवंटीचा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या वाड्यांची फार नासाडी केली. माड पुन्हा लावून फळ धरायला वर्षे लागतात. अशा वेळी करवंटीसुद्धा फेकण्याजोगी नाही. तिचा कोळसा टणक असतो आणि राख थोडी पडते. पाणी शुद्ध करण्याच्या गाळणीत जो खास कोळसा भरतात, तोही बराचसा करवंटीचाच.

चांगला कोळसा ओळखायला यंत्र नको. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजावेत, मोडला तर आत काळी चकाकी दिसावी. तपकिरी दिसला आणि पेटवल्यावर धूर करू लागला तर तो अर्धा कच्चा समजावा. भट्टी लावलीत तर धुरावर नजर ठेवा. आधी दाट पांढरा धूर येतो, ती लाकडातली ओल. मग तो निळसर, पातळ होतो, आणि तेव्हा हवेची भोके बुजवायची. उशीर केला तर कोळशाची राख हाती येईल.

दोन गोष्टी घरच्या बायामाणसांना मुद्दाम सांगतो. पावसाळ्यात कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. दुसरे, कोळशासाठी बांधावरचा खैर, ऐन तोडायचा विचार असेल तर आधी परवानगी काढा. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात ही झाडे आहेत, जमीन तुमची असली तरी.