अलिप्त बरणी

आजीच्या घरात वासाच्या वस्तू आणि खाण्याच्या वस्तू यांची भांडी कधी एकत्र होत नसत. लोणच्याच्या सटात कुणी कपूरकाचरी ठेवली असती, तर तो सट पुढे केवळ शोभेला उरला असता. केसांच्या तेलासाठी तिची स्वतंत्र बरणी होती. हॉर्लिक्सची, जाड काचेची, रुंद तोंडाची. साताऱ्यात थंडीच्या दिवसांत खोबरेल थिजायचं. पारा 24-25 अंशांच्या खाली उतरला की ते घट्ट होऊ लागतं, आणि मग निमुळत्या तोंडाच्या बाटलीत काडी खुपसून उकरत बसावं लागतं. रुंद तोंडात बोटं जातात. हा हिशेब तिनं कधी बोलून दाखवला नाही.

तेल कढवायचा दिवस मला आवडायचा. लोखंडी कढईत खोबरेल, त्यात जास्वंदीची फुलं, माका, ब्राह्मी. मंद आचेवर कढई ठेवून आजी शेजारी पाटावर बसायची आणि कान देऊन ऐकत राहायची. पानांतलं पाणी उडत असेपर्यंत कढई चडचडते. ती चडचड थांबली की पाणी संपलं, म्हणजे तेल टिकणार. मग गाळून कोमट तेल बरणीत, आणि वर झाकण नव्हे तर दादरा: धुऊन धुऊन विरलेल्या पंच्याचा तुकडा तोंडाला बांधून बरणी रात्रभर तशीच. कोमट तेलावर झाकण आवळलं तर आतली उरलीसुरली वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते पुन्हा तेलात टपकतं. झाकण दुसऱ्या दिवशी लागायचं. वाळा, नागरमोथा, गव्हला ही सुकी मंडळी त्यानंतर पुरचुंडीत बांधून बरणीत सोडली जायची. ओल्याला उघडं तोंड, सुक्याला बंद तोंड. पुढे सुगंधाच्या बाबतीत मी जे काही पाहिलं, ते बरंचसं या एका व्यवस्थेत बसत गेलं.

हळदीकुंकवाला बाहेर निघणारी चांदीची अत्तरदाणी तेव्हा मला सगळ्या भांड्यांची राणी वाटे. आता ती देखणी पण बिनकामाची वाटते. झाकण सैल, पोट उथळ. अत्तर तिच्यात समारंभापुरतंच येतं. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या एका दुकानात दर्शनी कपाटात मांडलेल्या कोरीव काचेच्या कुप्यांवर मी अशीच भाळले होते. मालक हसून म्हणाले, "ताई, ये तो दिखाने के लिए है." खरा माल मागच्या अंधाऱ्या खोलीत, अॅल्युमिनियमच्या जाड बाटल्यांत होता. उजेड आणि हवा सुगंधी तेलांचं नुकसान करतात. संत्र्या-लिंबाची तेलं तर हवेशी संबंध येताच बदलू लागतात, वास आंबट-उग्र होतो. म्हणून बाटली एकतर अपारदर्शक किंवा तपकिरी काचेची, आणि शक्य तितकी भरलेली. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा.

भांडं सुगंधाच्या कामात किती हात घालू शकतं, ते पाहायचं असेल तर कनौजला जावं. उत्तर प्रदेशातल्या या गावात अजूनही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात. देगेचं झाकण मातीनं लिंपतात. तिथून बांबूची नळी, चोंगा, तिरकी उतरते ती पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात. भपक्यात आधीपासूनच चंदनाचं तेल असतं. फुलांची वाफ तिथं थंड होते आणि तिचा गंध चंदन धरून ठेवतं. चंदन इतकं महाग झालं आहे की आता पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी स्वस्त बिनवासाची तेलं वापरतात. तो वेगळाच दुःखाचा विषय. मला गुंतवलं ते पुढच्या टप्प्यानं. तयार अत्तरात थोडा पाण्याचा अंश उरतोच. ते उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून ठेवलं की कातडं हा ओलावा हळूहळू बाहेर सोडतं आणि तेल आत राखतं. काचेच्या बाटलीला हे जमणार नाही. इथं भांडंच निम्मा कारागीर आहे.

आणि फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तिळाचं तेल, तर भांड्यावाचूनच होतं. सोललेले तीळ आणि ताज्या चमेलीचे थरावर थर पसरायचे, फुलं कोमेजली की काढून नवी घालायची, असं अनेकदा करून मग ते तीळ घाण्यावर काढायचे. तेल काढण्याआधीच तीळ सुगंधी झालेले असतात. गाझीपूर, जौनपूर ही गावं या तेलासाठी प्रसिद्ध होती. ताजी फुलं पाणी सोडतात. थर डब्यात कोंडले तर तीळ कुबट होतील, म्हणून सगळा मामला उघड्यावर. आजीचा दादरा आठवला मला तिथं.

या सगळ्या परंपरेच्या शेपटाला प्लॅस्टिकचे मणी यावेत, हे आजीला रुचलं नसतं. मला रुचतात, तक्रारीसकट. कपाटात, चपलांच्या मांडणीत, गाडीत ठेवायला जाळीच्या पुरचुंडीत भरलेले सुगंधी मणी मी घरी करते. कोरे मणी साबुदाण्याएवढे, पांढुरके, बिनवासाचे. पदार्थ इथिलीन व्हिनाइल अॅसिटेट, थोडक्यात ईव्हीए. चपलांचे हलके तळवे, ग्लू गनच्या कांड्या, सौर पॅनेलमध्ये काचेखाली सेल धरून ठेवणारा थर, हे सगळं याच कुळातलं. साध्या पॉलिथिनमध्ये रेणूंच्या साखळ्या बऱ्याच घट्ट रचल्या जातात. त्यांत मधूनमधून व्हिनाइल अॅसिटेट आलं की रचना विस्कटते आणि सुगंधी तेलाला आत शिरायला वाट मिळते. तिळांनी चमेली प्यावी तसे हे मणी तेल पितात. तीळ शेवटी घाण्याला जातात, मणी मात्र कुजत नाहीत. वास उडाला की त्यांना पुन्हा तेल पाजायचं, फेकायचं नाही, एवढी शिस्त मी पाळते.

शंभर ग्रॅम मण्यांना 25 ते 30 ग्रॅम तेल लागतं. वजन करावं, चमच्यानं मोजू नये. मग भांडं. बहुतेकांना पहिली आठवते झिपची पिशवी: स्वस्त, चोळायला सोपी. पण ती पॉलिथिनची, म्हणजे मण्यांचीच चुलतबहीण. मणी तेल पितात तेव्हा तीही थोडं थोडं पीतच असते. संत्र्याच्या रसाच्या खोक्यांना आतून पॉलिथिनचं अस्तर असतं, आणि ते अस्तर रसाचा वास शोषून घेतं, हे खाद्य उद्योगाचं जुनं दुखणं आहे. पिशवीबाहेरूनही मोगरा दरवळू लागला, तर तो मण्यांच्या वाट्याचा मोगरा आहे असं समजावं.

दुसरा मोह कडक, लखलखीत पारदर्शक डब्यांचा. तळाशी त्रिकोणात 6 आकडा असेल तर डबी पॉलिस्टायरीनची. तिच्यात संत्र्याचं तेल घातलं तर आधी धुरकट होते, मग तडकते. माझ्या भाच्यानं एकदा "मावशी, बघ हं" म्हणत फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळली आणि फुगा फटकन फुटला. सालीतलं लिमोनिन रबराला मऊ पाडतं. थर्माकोल म्हणजेही फुगवलेलं पॉलिस्टायरीन. तो याच तेलात चक्क विरघळतो. 1 आकड्याचा, म्हणजे पाण्याच्या बाटलीचा प्लॅस्टिक पुष्कळ सोशीक, पण त्या बाटल्यांचं तोंड अरुंद. मणी भरताना नरसाळं, काढताना आदळआपट.

म्हणून काच. कनौजच्या कुप्पीनं कामात भाग घ्यायचा असतो, माझ्या बरणीनं घ्यायचा नसतो. मणी आणि तेल यांच्यात जे चालतं त्यात तिनं पडू नये, काही घेऊ नये, काही देऊ नये. बुटकी, रुंद तोंडाची, सरळ भिंतींची बरणी मला सगळ्यात आवडते. खांद्याशी आवळलेल्या बरणीत काही मणी वर अडकून कोरडे राहतात. आकार ठरवताना थोडी कसरत होते. काठोकाठ भरली तर मणी उलथेपालथे होत नाहीत, तेल तळाशी साचतं आणि खालचे मणी तर्र, वरचे उपाशी. फार मोठी घेतली तर वरच्या रिकाम्या हवेत सुगंध उडून बसतो. दोनतृतीयांश भरेल अशी बरणी घ्यावी. सकाळ-संध्याकाळ उलटी-सुलटी करायची, उन्हापासून लांब पण उबदार जागी ठेवायची. मणी आधी ओलसर चमकतात, मग एकमेकांपासून सुटू लागतात. काही तेलं चार दिवसांत मुरतात, काहींना दोन आठवडे लागतात. हाताला कोरडे लागले की झालं. तळाशी तेल उरलंच तर ते निथळून घ्यावं. मणी भरपेट झाले, आता ते आणखी पिणार नाहीत. गाडीत ठेवायचे असतील तर जरा कमीच पाजावं. मे महिन्यात बंद गाडीच्या तापमानात हे मणी मऊ होऊन एकमेकांना चिकटू शकतात.

काचेचा अलिप्तपणा झाकणापाशी संपतो. झाकणाच्या आतली चकती रबराची किंवा मऊ प्लॅस्टिकची असते आणि ती मनसोक्त वास पिते. बरणी साबणानं धुऊन उन्हात ठेवली की कोरी होते. चकतीवर साबण, सोडा, ऊन, काहीही चालत नाही. त्यामुळे माझ्याकडे बरण्यांपेक्षा झाकणं जास्त झाली आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेनानं नाव आहे: मोगरा, वाळा, लवंग. मोगरा आणि वाळ्याची झाकणं अडीअडचणीला अदलाबदल करून चालतात, वास एकमेकांना सांभाळून घेतात. लवंगेचं चालत नाही. लवंग-दालचिनीची तेलं चकतीलासुद्धा फुगवतात, म्हणून त्या बरणीवर मी आधी अॅल्युमिनियम फॉइल बसवते आणि वर झाकण. ते झाकण वेगळ्या डब्यात असतं, आणि तो डबा बाल्कनीत.