गप्प राहणे म्हणजे होकार का?



नववीच्या मराठीच्या तासाला यंदा फळ्यावर एक शब्द लिहिला, ‘मूकसंमती’. अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग केला आणि पुढच्या शब्दाकडे वळले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण भेवून गप्प रायलं तं?” वर्ग हसला. मला हसू आले नाही.

कारण सांगते. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या शाळेत असताना, दहावीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. एसटीच्या थांब्यापासून एक मुलगा रोज मागे येतो, नाही म्हटले तरी ऐकत नाही, म्हणाली. मी काय केले? तिला दुसऱ्या रस्त्याने जायला सांगितले आणि तिच्या बाबांना बोलावून घेतले. त्या मुलाला कोणीच काही विचारले नाही, मीसुद्धा नाही. आठवडाभरात तिची शाळा सुटली. उन्हाळ्यात लग्न लावून दिल्याचे कळले. तिच्या मैत्रिणी यातून एकच गोष्ट शिकल्या, मॅडमला सांगायचे नाही.

आपल्या लाखांदूरहून वडसा कितीसे लांब? दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके तिथूनच गावोगावी निघतात. पण वडसा, म्हणजे देसाईगंज, कायद्याच्या पुस्तकांत दुसऱ्याच कारणाने आहे. मार्च १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. हेच ते मथुरा प्रकरण. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, विरोधाच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलने झाली, १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्टच केले की केवळ अंगाने विरोध केला नाही म्हणून संमती धरता येणार नाही. नकार दिल्यावरही मुलीचा पाठलाग करत राहणे हा गुन्हा ठरला, तोही तेव्हाच. आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची संमती तर पॉक्सो कायदा मानतच नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळे झेपेल तेवढेच वर्गात सांगितले. एक मुलगा म्हणाला, “नाटकात तं हिरो मागंच लागते, मंग ते हो मनतेच.” मी विचारले, “रस्त्यावरची मुलगी घाबरली आहे, हे तुम्हाला कशावरून कळते?” उत्तरे पटापट आली, आणि मुलांकडूनच. भरभर चालते. खाली पाहते. मैत्रिणीचा हात धरते. दुसऱ्या गाडीने जाते. त्यांना सगळे कळत होते! मी उगाच समजत होते की पोरांना कळत नाही म्हणून असे होते.

रोवणी संपल्यावर पालकसभा घेतली. माझी ती जुनी चूक सांगितली. सगळे गप्प. (ही मूकसंमती होती की नाही, देव जाणे.) मग एक बाबा उठले, “पोरीनं सांगतलं तं आमी करावं का?” मी म्हटले, आधी तिला शब्द द्या की तुझी शाळा बंद होणार नाही. मग मुलाच्या घरी जा, एकटे नको, शाळेला सोबत घ्या. घरात बोलणे जमत नसेल तर १०९८ हा नंबर मुलांसाठी दिवसरात्र चालू असतो. लैंगिक अत्याचाराचे कळले तर पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे, मग तो ओळखीचा असो की नातलग. एक आजी पुटपुटल्या, “पोरीलेच जपा लागते.” त्यांची समजूत मला घालता आली नाही.

तक्रारपेटी ऑफिसच्या दारासमोर होती, तिथे कोण चिठ्ठी टाकणार? ती मी आता वाचनालयाच्या कोपऱ्यात ठेवली. परवा उघडली तर तीन चिठ्ठ्या. दोन मुलींच्या, त्यांचे काम सुरू आहे. तिसरी मुलाची, नाव नाही, “ती नाही म्हणाली. मी मागे जाणे सोडले. आता वर्गात तिच्याशी बोलू की नको?”

सोमवारी माझा नववीवर तास आहे. तुम्ही त्याला काय सांगितले असते?