इफ्तारला घरी पोहोचायचंच होतं

रमजान जवळ आला की आमच्या घरी गावी जाण्याचे बेत सुरू होतात. यंदाही अम्मीचा फोन आला, "कधी येताय?" मी म्हटलं, "येऊ, पण संध्याकाळपर्यंत पोहोचूच असं नाही." ती गप्प झाली. का ते तिलाही माहीत आहे. दोन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. आपल्यापैकी अनेक जण पुढच्या काही आठवड्यांत याच घाईने गाडी काढतील, म्हणून ती इथे लिहितोय.

रमजानचे शेवटचे दिवस होते. मुंब्र्याहून खेडला जायचं होतं. आदल्या रात्री तरावीह, मग बाजार, मग सेहरी. झोप जेमतेम दोन तास झाली असेल. सकाळी अर्धा दिवस कामावर गेलो आणि जोहरची नमाज पढून गाडी काढली. सोबत बायको, दोन मुली आणि मेहुणा. पेणजवळ वाहतूक अडली, पुढे कामं चालू असलेल्या पट्ट्यात आणखी वेळ गेला. माणगाव ओलांडलं तेव्हा मी घड्याळ आणि रस्ता आलटून पालटून बघत होतो. अम्मीने माझ्या आवडीच्या सांदणांची तयारी करून ठेवली होती. मगरिबच्या आधी घरी पोहोचायचंच, एवढंच डोक्यात होतं.

बायको दोनदा म्हणाली, "अहो, डोळे लाल झालेत तुमचे. थोडं थांबू या." मी काच खाली केली, तोंडावर वारा घेतला आणि म्हणालो, "आता काय, दीड-दोन तासांचा तर रस्ता."

लोणेऱ्याच्या पुढे रस्ता सरळ होता. गाडी ऐंशीच्या आसपास असेल. डोळा कधी लागला ते मला कळलं नाही. झोप अशी सांगून येत नाही. घरी येऊन हिशेब केला, तर ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. तीन सेकंद डोळे मिटले तर सहासष्ट मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. मुलीच्या किंकाळीने जागा झालो, ब्रेक दाबला, पण समोरच्या मोटारसायकलला धक्का बसलाच.

तो माणूस गवंडीकाम करून घरी चालला होता. डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून डोकं वाचलं. पाय मात्र गुडघ्याखाली मोडला. माझी धाकटी मागच्या सीटवर पट्टा न लावता बसली होती. पुढच्या सीटवर आदळून तिचं कपाळ फुटलं. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे हे मला माहीत होतं. पण मागे कोण लावतं, असं म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

लोक धावत येताना दिसले. मेहुणा म्हणाला, "दुल्हेभाई, गाडी काढा. मार पडेल." खरं सांगतो, माझा हात गिअरवर गेला होता. बायकोने दार उघडलं आणि खाली उतरली. तिच्या मागे मला उतरावंच लागलं.

पुढची वीस मिनिटं तिनेच सांभाळली. मोठ्या मुलीला 108 वर फोन लावायला सांगितलं, जवळच्या फलकावरचा किलोमीटरचा आकडा वाचून दाखवायला लावला. मेहुण्याला मागे उभं करून येणाऱ्या गाड्या हळू करायला लावल्या. मी चावी काढली, धोक्याचे दिवे लावले. कुणीतरी जखमीला उचलून रिक्षात टाकायला निघालं होतं, कुणी पाण्याची बाटली आणली. तिने दोन्ही थांबवलं. मान किंवा पाठ दुखावली असेल तर ओढाताणीने कायमचं अपंगत्व येऊ शकतं, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर पोटात पाणी नसलेलं बरं. गाडीने पेट घेण्यासारखा धोका नसेल तर जखमीला हलवू नये. मोडलेला पाय सरळ करायला जाऊ नये. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावं. तिने स्वतःची ओढणी घडी करून दाबली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात काढला नाही.

लोक चिडले होते. दोन-चार धक्के मला बसले. पण आम्ही पळत नाही हे पाहिल्यावर त्यांच्यातलेच दोघे मदतीला आले. त्यातला एक तरुण हळूच म्हणाला, "पोलीस आले की मी निघतो हं, साक्षीचं लचांड नको." ही भीती आता धरू नये. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला भरता येत नाही. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. गाडी चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. जमावापासून जिवाला धोका असेल तर तिथून निघून थेट पोलीस ठाणं गाठावं. पण घरी जाऊन बसू नये.

ठाण्यात जबाब लिहायची वेळ आली. मेहुणा कानाशी लागला, "तो अचानक आडवा आला असं सांगा." रोजा अजून सुटला नव्हता. मी सांगितलं, "मला झोप लागली होती." गुन्हा नोंदला गेला. खटला अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला कळवलं. थर्ड पार्टी विमा चालू होता, हीच जमेची गोष्ट. जखमी किंवा त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतात. अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा. रस्त्यावरच हातात चार पैसे ठेवून तडजोडीच्या कागदावर सही घेण्याचा सल्ला मला दिला गेला. मी घेतली नाही, आणि तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही देऊ नका. दुखापत किती खोल आहे हे त्या दिवशी कळत नाही. गाड्यांचे फोटो, नंबर, वेळ आणि उपचाराची प्रत्येक पावती जपून ठेवावी. 2025 पासून अपघातग्रस्तांसाठी केंद्राची योजनाही आहे. पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात तशी विचारणा जरूर करा.

त्या गवंड्याच्या पायात सळई बसवली. चार महिने घरात बसून होता. ईदनंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि विचारलं, "झोप येत होती तर थांबला का नाहीत?" याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही.

गावात सगळे म्हणाले, तकदीर होती. तकदीरवर माझाही ईमान आहे. पण दोन तासांची झोप, वेग आणि हट्ट हे सगळं माझं होतं. ते तकदीरच्या नावावर कसं टाकू? मुसाफिराला रोजा नंतर ठेवायची मुभा आहे. ती मला माहीत होती. थांबायला जागोजाग ढाबे होते, मशिदी होत्या.

आता आमच्या गाडीत खजुराचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या असतात. रात्री झोप झालेली नसेल तर निघत नाही. दर दोन तासांनी थांबतो. डोळा जड झाला तर कडेला सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं झोपतो. पट्टे सगळ्यांनी लावल्याशिवाय धाकटी गाडी हलू देत नाही. कपाळावरचा व्रण दाखवते, मग कुणी वाद घालत नाही.

यंदाही निघू, इन्शाअल्लाह. मगरिब पोलादपूरला झाली तर इफ्तार पोलादपूरला करू. अम्मी सांदणं झाकून ठेवेल.