पाळकाची सही

सहायक पाळकाचं बरं असतं. उपदेश करावा, तरुण संघाच्या पोरांबरोबर गिटार वाजवावी, आजाऱ्याच्या घरी प्रार्थना करून चहा घ्यावा. भांडणं सगळी मोठ्या साहेबांच्या टेबलावर. साताऱ्यात माझी वर्षं अशी मजेत गेली. मग बदलीचं पत्र आलं आणि सांगलीकडच्या मंडळीनं किल्ल्यांचा जुडगा, चेकबुक आणि बाप्तिस्मा, विवाह, दफन अशा तीन नोंदवह्या हाती ठेवल्या. त्या दिवसापासून माझ्या आवाजापेक्षा माझ्या सहीला किंमत आली.

ही सही साधी नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्यानुसार लग्न सहसा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळातच लावायचं; नोंदवहीत वधूवरांच्या, दोन साक्षीदारांच्या आणि पाळकाच्या सह्या हव्यात. बाहेर वरात बँडवर नाचतेय, कोयरचं तिसरं गीत सुरू आहे आणि पाळक मात्र घड्याळाकडे बघतोय, हे दृश्य सेमिनरीत कुणी दाखवत नाही. दफनाच्या वहीचं आणखी निराळं. कुणी पुण्याहून येतो, आजोबांची नोंद मागतो. पानं उलटताना पूर्वीच्या पाळकांची अक्षरं भेटतात. एकाचं टपोरं, एकाचं मुंगीच्या पायांचं. माझंही अक्षर त्यांच्या खाली बसणार, हे कळलं की उपदेशातला ‘मी’ आपोआप कमी होतो.

साताऱ्यात राहिलेल्या तरुण पाळकाला कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोह पडतोच. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. पण १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा. ना पगार, ना कमिटी! मिटिंगा लांबल्या की मलाही तो दरबार आठवायचा.

आणि मिटिंगा लांबतातच. साताऱ्याकडचं काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाचं. सांगली, मिरज, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन आले; त्यांच्याकडे वडीलमंडळाचा, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांच्या मंडळाचा, मान मोठा. १९२४ मध्ये ही दोन्ही वळणं एका चर्चमध्ये आली, १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. कागद एक झाले. सवयी एवढ्या लवकर एक होत नाहीत. इथले वडील पाळकाला ‘साहेब’ म्हणतात, उठून ‘सलाम’ करतात आणि मग हार्मोनियमच्या दुरुस्तीच्या बिलावर पाऊण तास प्रश्न विचारतात. सुरुवातीला मला हा अविश्वास वाटे. आता वाटतं, पैसे मंडळीचे आहेत, विचारायलाच हवं.

माझं खरं शिक्षण मात्र कमिटीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी केलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उघडलं आणि पुढे मिरज म्हणजे दवाखाना अशी ओळख झाली; कानडी मुलखातूनही पेशंट येतात. इकडच्या पाळकाचा निम्मा आठवडा म्हणूनच वॉर्डात जातो. बाईंनी मला वॉर्डाच्या दारातच थांबवून सांगितलं, “साहेब, खाटेवर बसायचं नाही, आणि उभंही राहायचं नाही. उभ्या माणसाला जायची घाई आहे असं पेशंटला वाटतं. स्टूल ओढा. आधी त्याला बोलू द्या. शास्त्रपाठ चार ओळींचा, प्रार्थना त्याहून लहान. आणि निघताना पायथ्याशी बसलेल्या बाईला विचारा, जेवलात का?” इस्पितळसेवेवर मी जे काही वाचलं होतं, त्यात स्टुलाचा उल्लेख नव्हता. पायथ्याशी बसलेली बाई बहुतेक वेळा जेवलेली नसते, हेही नव्हतं.

टिळक मे १९१९ मध्ये गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. तो त्यांच्यावर उभा होता. त्यांची गीतं मात्र ‘उपासना संगीता’त आहेत आणि ज्या कमिट्यांना कंटाळावं अशा कमिट्यांच्याच चर्चमध्ये दर रविवारी गायली जातात. टिळकांसारखा कवी पद सोडून मोठा होऊ शकतो. पाळकानं पदातच वाढायचं असतं: हिशेबाच्या वहीसमोर, वडिलांच्या प्रश्नांसमोर, स्टुलावर बसून. हे काम कमी प्रतीचं आहे असं मला आता वाटत नाही.

तुमच्या मंडळीत नवा पाळक आला असेल तर एक विनंती आहे. पहिल्या महिन्यातच त्याला घरी जेवायला बोलवा आणि घरातल्या आजाऱ्याचं नाव सांगा. आधीचे साहेब किती छान गायचे, ते वर्षभरानं सांगितलं तरी चालेल.